वाजवून घेतलेले रुपये

भाच्याचा निरोप आला तेव्हा मला आधी संशयच आला. भाजे गावातल्या आमच्या माहेरच्या घराचं दार नव्याने बसवायचं काढलंय, उंबऱ्याबाहेरचा मोठा दगड हलवावा लागणार, तर आत्या, त्याआधी एकदा येऊन जा, एवढाच निरोप. दगड हलवायला आत्याची परवानगी कशाला हवी? हल्ली शनिवार-रविवारी मुंबईची माणसं मळवलीला उतरतात, लेणी बघतात आणि जाता जाता जमिनीचा भाव विचारतात. मला वाटलं, दगडाचं निमित्त करून पोरगा कुठल्या तरी कागदावर सही मागणार. आमचे हे म्हणाले, अगं, प्रेमाने बोलावलं असेल. असेलही. पण मी चष्मा आठवणीने पिशवीत टाकला.

हा संशय माझ्या माहेरचा आहे. तिथून मला फारसं काही मिळालं नाही, हा मात्र पोटभर मिळाला. भाजीवाली मेथी तोलते तेव्हा मी मेथीकडे बघत नाही, तिच्या करंगळीकडे बघते. दुधात बोट बुडवून बघते. कुणी फार गोड बोलायला लागलं की माझा हात आपसूक पिशवीकडे जातो. हे सगळं आईचं. तिच्यासारखं नाक मिळालं असतं तर लोकांनी कौतुक केलं असतं, पण मिळाला तो स्वभाव.

आम्ही दोघं आंबीहून निघालो आणि दुपार कलताना भाज्याला पोचलो. जुनी चौकट उपटून भिंतीला टेकवलेली होती. दाराच्या जागी नुसतं भगदाड होतं आणि त्याच्यापुढे तो दगड होता, तसाच. काळाभोर, सपाट, दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढा. आबांनी तो इंद्रायणीच्या पात्रातून बैलगाडीत घालून आणला होता म्हणतात. उजव्या अंगाचा त्याचा एक कोपरा जरा उंच आहे. त्या कोपऱ्यावर माझ्या लहानपणी कुणी पाय ठेवला तर आई ओरडायची. तो कोपरा पाय ठेवायचा नव्हताच. तो रुपये वाजवायचा होता.

आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. पहार खांद्यावर घेऊन रुळांच्या कडेने चालायचं, सुटलेले खिळे ठोकायचे, खालची खडी सारखी करायची, असं त्यांचं काम. त्यांच्या सदऱ्याला लाकडी स्लीपरांच्या डांबराचा वास यायचा. तो वास धुण्याने जात नसे. पावसाळ्यात घरात सगळीकडे ओल पसरली, चुलीचा धूर खाली बसून राहिला, की त्या सगळ्यांत खुंटीवरचा तो डांबराचा वास मला बरा वाटायचा. आबा घरी आहेत असा त्याचा अर्थ होता. बोलण्यावरून ते घरी आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नव्हता, इतकं ते कमी बोलत.

पगार लोणावळ्याला मिळे. पगारबाबू लोखंडी पेटी घेऊन गाडीने यायचा आणि स्टेशनाजवळच्या शेडमध्ये मेज मांडून बसायचा. पगाराच्या दिवशी आबा बाजार करून संध्याकाळी परतायचे. मीठ, घासलेट, तंबाखू, आणि माझ्यासाठी कागदात बांधलेली गुडदाणी. गुळाचा आणि भाजक्या शेंगदाण्यांचा तो वास माझ्या नाकाला त्यांच्याही आधी यायचा. पण त्या दिवशी पुडीला हात लावायचा नाही असा नियम होता. आधी आई दगडावर पाणी ओतायची, फडक्याने कोपरा कोरडा करायची. आबा पाय धुवून उंबऱ्यात बसायचे, कनवटीची गाठ सोडायचे आणि रुपये तिच्या ओंजळीत घालायचे. मग आई एकेक रुपया नखावर उडवून त्या कोपऱ्यावर टाकायची. खण्ण. आवाज पुरता विरेपर्यंत ती कान देऊन ऐकायची आणि मग दुसरा. सगळे वाजवून होईपर्यंत आबा पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. शेवटचा रुपया वाजला की आई म्हणायची, "बंदा हाय." त्यानंतर चूल पेटायची.

असं फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. आमच्या आळीत आणखी काही घरांतली माणसं लाइनीवर कामाला होती आणि घरोघर दारात एकेक दगड होता. पगाराच्या संध्याकाळी सगळी आळी वाजायची. भिंतीपलीकडे शेवंतामावशी राहायची. तिचा नवरा आबांच्याच गँगमध्ये. ती आमच्याकडचे आवाज मोजते असा आईला दाट संशय होता. म्हणून आई मधले दोन-तीन रुपये मुद्दाम पुन्हा वाजवायची. पुढे पुढे शेवंतामावशीकडूनही पगारापेक्षा जास्त आवाज यायला लागले. दोघी दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धूत एकमेकींना विचारायच्या, यंदा कसं काय भागतंय गं, आणि दोघी कपाळाला हात लावायच्या.

हल्ली कुणी म्हातारं माणूस भेटलं की त्या स्वस्ताईच्या गोष्टी सांगतं. रुपयाला अडीच पायल्या तांदूळ, ढब्बू पैशाला ओटीभर शेंगा. खरं आहे, मीही खाल्ल्यात त्या शेंगा. पण हे ऐकताना मी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. तांदूळ स्वस्त होता, पण रुपया कुणाकडे होता? तो महिन्यातून एकदा आमच्या दगडावर वाजायचा आणि आठवडाभरात बाजाराच्या वाटेला लागायचा. आमच्या मावळात आंबेमोहोर पिकतो. भाताला ओंब्या आल्या की सगळा शिवार शिजलेल्या भातासारखा वास सोडतो. तो वास आम्ही फुकट घेतला. तांदूळ मात्र पुण्याला जायचा, आणि आम्ही जाड्या भरड्या भाताची पेज प्यायचो. आठवणीसुद्धा घरात घेण्याआधी एकदा दगडावर टाकून बघाव्यात, असं माझं मत आहे.

आईचा संशय कुठून आला, मला माहीत नाही. मी तिला बघतेय तेव्हापासून तो होताच. लावणीच्या दिवसांत ती गावच्या मोठ्या शेतकऱ्याच्या खाचरात कामाला जायची. मजुरी पैशात नव्हती, भातात होती. दिवसाला अधोलीभर भात, शिगेचं. म्हणजे माप भरल्यावर वर जेवढी रास उभी राहील तेवढी आपली. दिवसभर चिखलात वाकून बोटं पांढरीफटक पडलेल्या बाया संध्याकाळी खळ्यापाशी रांगेने उभ्या राहायच्या. त्यांच्या ओल्या इरल्यांचा, चिखलाचा आणि कोठारातून काढलेल्या जुन्या भाताचा असा एक वास एकत्र व्हायचा. मापणारा मालकाचा माणूस होता. आई आपला पदर पसरायच्या आधी मापाकडे वाकून बघायची. त्याचा तळवा रास मोडतो का, भरताना तो माप हलवतो का, सगळं बघायची. तो हसून म्हणायचा, मावशी, तुमची नजर लागून माप फुटायचं. आई हसायची नाही.

मी कळती झाले तोवर ती रास बसकी झाली होती. पुढे तर ती नुसती नावाला उरली. विचारलं तर उत्तर तयार असायचं, की मजुरी तीच आहे, अधोली ती अधोलीच. त्यात खोटं काही नव्हतं. आई घरी येऊन ते भात आमच्या मापात पुन्हा घालून बघायची. आबा म्हणायचे, जाऊ दे. जाऊ दे हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. आईला त्या वाक्याचाही संशय यायचा.

मग लढाई सुरू झाली. लढाई कुठे चालली होती ते आम्हाला माहीत नव्हतं. लष्करी गाड्या घाटातून वर यायच्या आणि आम्ही पोरं रुळांच्या कडेला उभे राहून हात हलवायचो. काही महिन्यांनी एका पगाराच्या संध्याकाळी आईने दगड पुसला, रुपया उडवला आणि तो बद्द वाजला.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा आला आणि लगेच मेला. आईने रुपया उचलून उलटसुलट बघितला. वर राजाचं तोंड बरोबर होतं, अक्षरं होती, काठ नवे कोरे होते. तिने पुन्हा टाकला. पुन्हा बद्द. त्या ओंजळीतले तीन-चार रुपये तसे निघाले, बाकीचे खणखणीत होते. पलीकडे शेवंतामावशीचा दगड गप्प झाला होता, ती नक्की ऐकत होती. आईने उरलेले रुपये न वाजवता ओच्यात टाकले. त्या संध्याकाळी "बंदा हाय" ती म्हणाली नाही.

आधी तिचा संशय पगारबाबूवर गेला, मग लोणावळ्याच्या बाजारातल्या वाण्यावर. पण पुढच्या महिन्यात तसे रुपये आणखी वाढले, आणि पलीकडे मात्र शेवंतामावशीचे रुपये छान वाजले. तिच्याकडे जुने रुपये साठवलेले होते आणि पगाराच्या संध्याकाळी ती तेच वाजवत होती, हे पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा आईने एवढंच ऐकलं की एकाच मेजावरून पगार घेऊन दोघं आले, एकाचा पगार खणखणीत आणि एकाचा बद्द. मग संशय फिरून फिरून आबांवर येऊन बसला.

बाजारात चांगले रुपये घेऊन त्यांच्या बदली खोटे रुपये आणि वर चार पैसे देणारी माणसं होती. आईच्या मनाने घेतलं की आबा चांगले रुपये तिकडे मोडतात, खोटे घरी आणतात, आणि मधली कमाई उर्स्याला जाते. उर्स्याला माझी आत्या होती, आबांची धाकटी बहीण. तरुणपणीच विधवा झालेली, एक पोर पदरात. आबा वर्षातून दोन-तीनदा तिच्याकडे जायचे. भाऊबीजेला तर चुकवायचेच नाहीत. जाताना काय नेतात हे आई नजरेने तोलायची, येताना त्यांचा चेहरा बघायची. आत्याकडून आलेले आबा जरा जास्त बोलायचे, हे मलाही दिसायचं.

आई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने आबांच्या ताटात दुसऱ्यांदा वाढायच्या आधी विचारणं बंद केलं. त्यांचा सदरा धुताना ती खिसा उलटा करून बघायची, आणि आबा समोर बसलेले असले तरी बघायची. घरात भांड्यांचे आवाज मोठे झाले. आबा दोघांच्या मधल्या जागेकडे बघत जेवायचे. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. खोटे रुपये कोण आणतं ते मला कळत नव्हतं, पण आबांच्या हातून काहीतरी जातंय हे कळत होतं. रुपयांपेक्षा मोठं असं काहीतरी. त्यांचा शब्द आमच्या घरात चालेनासा झाला होता.

त्यानंतरच्या पगाराला आईने लुगडं बदललं, मला बरोबर घेतलं आणि ती लोणावळ्याला निघाली. आबा पहाटेच लाइनीने गेले होते. आम्ही मळवलीहून गाडीत बसलो. आईने तिकिटाचे सुटे पैसेसुद्धा मोजून परत घेतले. लोणावळ्याला उतरल्यावर धुकं होतं, बाजाराकडून तळणाचा वास येत होता आणि शेडपाशी गँगची माणसं डोक्याला फडकी बांधून रांगेने उभी होती. बायका पगाराला येत नसत. आम्हाला बघून रांगेत कुणीतरी खाकरलं. आबांनी आम्हाला बघितलं आणि मान वळवली.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी अंगठा दिला, रुपये घेतले आणि बाजूला झाले. आई पुढे गेली. तिने सगळ्यांच्या देखत हात पुढे केला. आबांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि रुपये तिच्या हातावर ठेवले. शेडची पायरी दगडी होती. आई तिथे उकिडवी बसली आणि तिने पहिला रुपया उडवला. बद्द. दुसरा, तिसरा, सगळे बद्द. ह्या खेपेला एकही वाजला नाही. ती वर बघून म्हणाली, "आता तर मधी बाजारबी न्हाई. ह्ये कसं?"

रांगेतल्या एका म्हाताऱ्या गँगमनने पुढे येऊन आपला रुपया तिच्या रुपयांशेजारी टाकला. तोही तसाच वाजला. मग आणखी एकाने टाकला. पगारबाबू मेजामागून उठला. तो रागावला नाही, उलट त्याला तिची कीव आल्यासारखी दिसली. "बाई, रुपया खोटा नाही," तो म्हणाला. "सरकारनेच त्यातली चांदी कमी केलीय. आता सगळ्यांचा असाच वाजणार."

आईचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. तिने विचारलं, "सरकार कशापायी बद्द रुपया पाडंल?" ती रुपये गोळा करत राहिली. एक रुपया गडगडत आबांच्या पायाशी गेला होता. आबांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि तिच्या हातात देत ते म्हणाले, "झालं?"

परतताना त्यांनी रोजच्यासारखा बाजार केला. मीठ घेतलं, घासलेट घेतलं. गुडदाणीच्या दुकानापाशी मला वाटलं, आज नाही घेणार. पण त्यांनी पुडी बांधून घेतली आणि माझ्या हातात दिली. गाडीत मी ती सोडली नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी उघडली तर कागद गुळाला चिकटून बसला होता.

पुढच्या महिन्यात पगार झाला तेव्हा आईने दगड पुसला नव्हता. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. आबांनी पाय धुतले, स्वतः दगडावर पाणी ओतलं, खांद्यावरच्या फडक्याने कोपरा पुसला आणि तिला हाक मारली. ती म्हणाली, "म्या काई म्हनलं का?" आबा म्हणाले, "मी म्हनतो. भाईर यिऊन आइक." ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मग आबांनी एकेक रुपया वाजवला. त्यांना नखावर उडवता येत नव्हतं, ते नुसते टाकायचे. एक टाकायचे, तिच्याकडे बघायचे, ती मान हलवेपर्यंत थांबायचे, मग दुसरा. सगळे बद्द, सगळे त्याच आवाजाचे. शेवटचा वाजल्यावर ते उठून ओढ्याकडे गेले.

तेव्हापासून दर पगाराला हे व्हायला लागलं. त्या वर्षांत रुपया आवाजाने गेला तसा मापानेही गेला. अडीच पायल्या दोनावर आल्या, दोनाची दीड झाली, आणि मग वाण्याने तांदूळ आहे असं म्हणणंच बंद केलं. पगारात महागाईचे म्हणून थोडे जास्त रुपये मिळायला लागले. पण ते रुपये दगडावर जास्त वेळ घेत होते आणि डब्यात कमी तांदूळ आणत होते. सुटे पैसे नाहीसे झाले, वाणी सुट्ट्याच्या बदली काड्याची पेटी हातावर ठेवायचा. पुढे भोकाचा पैसा आला. मधोमध भोक पाडलेला, हलका. बायका तो बघून हसल्या आणि त्यांनी पोरांच्या करदोट्यात ओवला. आई नाही हसली. ती त्या भोकातून बोट घालून म्हणाली, इथलं तांबं कुणी खाल्लं?

आणि मग कागदाचे रुपये आले. पहिल्यांदा पगारात सगळ्या नोटा आल्या त्या संध्याकाळी मला वाटलं, संपलं एकदाचं, आता काय वाजवणार. आबांनी पाय धुतले, कोपरा कोरडा केला आणि पहिली नोट त्या कोपऱ्यावर ठेवली. तिच्याकडे बघितलं आणि थांबले. मग दुसरी ठेवली. कशाचाच आवाज नव्हता. गोठ्यात गाय रवंथ करत होती तेवढं ऐकू येत होतं. आई उंबऱ्यात उभी होती आणि तिने पदर तोंडात धरला होता. "पुरं आता," ती म्हणाली. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, सवय झाली," आणि त्यांनी पुढची नोट ठेवली.

ते तिला शिक्षा देत होते, की त्यांना खरंच आपलं खरेपण दर महिन्याला नव्याने दाखवावंसं वाटत होतं, हे मी ठरवू शकलेले नाही. आबांच्या बाबतीत मी संशय घ्यायला कचरते. पण शिक्षाच असावी.

माझं लग्न आंबीला ठरलं. रेशनचे दिवस होते. लग्नाला तांदूळ कुठून आणायचा हा आमच्याकडे मोठा घोर होता. वऱ्हाडाला जोंधळ्याच्या कण्या घालायच्या का, असं आई दहादा म्हणाली. लग्नाच्या दोन दिवस आधी उर्स्याहून आत्या आली. डोक्यावर गाठोडं, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तिने अंगणात गाठोडं उतरवलं, गाठ सोडली आणि सगळ्या घरात वास पसरला. आंबेमोहोर. तिने स्वतः कुणाच्या तरी खाचरात राबून मजुरीचा साठवलेला आणि घरी कांडलेला. आईच्या हातात सवयीने पायली आली होती. आत्या त्या दगडावर बसून पाय चोळत होती. ती सहज म्हणाली, "वयनी, भाऊ बरा हाय ना? तीन भाऊबिजा झाल्या, माजा उंबरा चढला न्हाई. म्या म्हनलं, माजंच काई चुकलं आसंल."

आबा लाइनीवरून परस्पर उर्स्याला जातात असंच आई इतके दिवस धरून चालली होती. आबा रजा काढून मांडवाचे मेढे रोवत होते, त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही, त्यांचा हात काही थांबला नाही. आईने हातातली पायली बाजूला ठेवली. तिने ते तांदूळ मापले नाहीत. माझ्या आठवणीत तिने न मापता घरात घेतलेलं तेवढं एकच धान्य. आत्याच्या पायांवर तिने तांब्याने पाणी घातलं आणि आपल्या हाताने धूळ धुतली. आत्या लाजून पाय ओढून घेत होती, आई सोडत नव्हती. त्या तांदळाचा भात लग्नात सगळ्यांनी खाल्ला. मला त्याची चव आठवत नाही, नवरीला कुठली चव कळणार, पण वास आठवतो.

सासरी निघायच्या आधी आईने मला आत बोलावलं. अंधाऱ्या खोलीत कणगीमागे हात घालून तिने एक रुपया काढला. जुना, राणीछाप, चांदीचा. एवढाच एक राखला होता, बाकीचे महागाईने खाल्ले. तिने तो माझ्या कनवटीला लावला, वर दोन गाठी मारल्या. मला वाटलं, आता ती म्हणेल, जपून ठेव, कुणावर विश्वास टाकू नको. तिच्या तोंडून मी जन्मभर तेच ऐकलं होतं. पण ती माझ्या गाठीवर हात ठेवून म्हणाली, "ह्यो बंदा हाय, म्या वाजवून घेतलाय. आडीनडीला मोड. पर नवऱ्याच्या देखत कदी वाजवू नगंस."

त्यानंतर आबा उर्स्याला जायला लागले की नाही, मी बघितलं नाही. माझा भाऊ, ह्या भाच्याचा बाप, सांगायचा, पगाराची ती नोटांची पूजा आबा नोकरीतून निवृत्त होईपर्यंत चालली. आई रोज तो कोपरा पुसायची, पगार असो वा नसो. आता तिघंही नाहीत. दगड आहे आणि भाचा आहे.

भाच्याने कागद काढला नाही. मी दोन तास वाट बघितली. चहा झाला, शेतातला पावटा पिशवीत भरून झाला, तरी कागद निघाला नाही. शेवटी मीच विचारलं, बाबा रे, बोलावलंस कशाला? तो म्हणाला, "आजी जाताना सांगून गेलती, ह्यो दगड आत्याला इचारल्याबिगर हलवू नगा." गवंडी म्हणतो मोरीपाशी टाकू, भाच्याची बायको म्हणते तुळशीपाशी, तू सांगशील तसं. मी म्हटलं, मोरीपाशी टाक. धुणी धुतलेलं बरं त्याच्यावर.

तो गवंड्याला सांगायला गेला आणि मी अंगणात एकटीच राहिले. ऊन डोंगराच्या अंगाला गेलं होतं. खाली मळवलीकडून गाडीची शिट्टी आली. मी कनवटीची गाठ सोडली. तो रुपया मी कधी मोडला नाही. आडीनडी आली, पुष्कळ आली, पण नाही मोडला. आणि वाजवलाही नाही, कारण आमचे हे कायम घरातच असायचे, शेतकरी माणूस, जाणार कुठे. तरीपण मला इतकी वर्षं एक संशय आहे. आईने तो खरंच वाजवून घेतला होता का? की निघणाऱ्या लेकीला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाली? माझ्या हयातीत मी एवढी एकच गोष्ट तपासून बघितलेली नाही.

मी दगडापाशी बसले. उजवा कोपरा पदराने पुसला. रुपया नखावर ठेवला, अगदी आई ठेवायची तसा. मग माझं लक्ष खाली गेलं. दगडाच्या कडेला ह्यांच्या चपला होत्या, एकीवर एक चढलेल्या, नेहमीसारख्या. म्हणजे हे आतच होते, भिंतीपलीकडे, कदाचित जरा आडवे झालेले. मी चपला सरळ केल्या आणि रुपया परत गाठीला लावला.